डोक्यातलं गाणं, रेकॉर्डमधलं गाणं

रॅप लिहायला लागलेल्या माणसाच्या डोक्यात गाणं आधीच तयार असतं. शब्द बरोबर ठोक्यावर पडत असतात, आवाज भारदस्त असतो, श्वास कुठे घ्यायचा हा प्रश्नच नसतो. मग तेच मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐकलं की कळतं, आवाज पातळ आहे, तिसऱ्या ओळीपासून घाई झाली आहे आणि निम्मे शब्द गिळले गेलेत. स्वतंत्र कलाकाराला हे तोंडावर सांगायला ना निर्माता असतो, ना साउंड इंजिनिअर. म्हणून या दोन गाण्यांमधलं अंतर स्वतःच्या कानाला ऐकू येणं, हे त्याचं पहिलं कौशल्य.

सुरुवात शब्दांपासून नको, ठोक्यापासून करा. हिप-हॉप जन्मलंच तसं. १९७३ साली न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्समधल्या पार्ट्यांमध्ये डीजे कूल हर्क गाण्यातला फक्त ड्रमचा तुकडा दोन टर्नटेबलांवर आलटूनपालटून लांबवू लागला, आणि माइकवरचं बोलणं त्या तालावर चढत गेलं. चार ठोक्यांचा एक बार, कडव्याला १६ बार, हुकला, म्हणजे परत-परत येणाऱ्या ध्रुवपदाला, ८, हा रूढ साचा. मिनिटाला ९० ठोक्यांच्या बीटवर, म्हणजे रॅपमागच्या संगीतावर, एक बार साधारण २.६७ सेकंदांचा होतो, म्हणजे १६ बार जेमतेम ४३ सेकंद. एवढ्यात सगळं सांगायचं असतं. बहुतेक बीटमध्ये स्नेअर, म्हणजे ड्रमचा टाळीसारखा कडक आवाज, दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर असतो. ट्रॅप या हिप-हॉपच्या प्रकारातल्या १४० च्या बीटमध्ये मात्र तो तिसऱ्यावर पडतो, त्यामुळे कानाला चाल ७० ची वाटते. तिथे मोजणी चुकली की पूर्ण कडवं अर्ध्या बारनं सरकतं. पहिला आठवडा काही लिहू नका. बीट लावा, स्नेअरवर टाळी वाजवा, तोंडानं ‘एक दोन तीन चार’ म्हणा. टाळी न चुकता समोरच्या भिंतीचं वर्णन करता येऊ लागलं की वही उघडा.

आता शब्द बसवणं. एका बारमध्ये सोळा बारीक घरं असतात. दहा-बारा भरली तर ओळ मोकळी वाटते, सोळाच्या सोळा भरली तर श्वासाला जागा उरत नाही. मराठीत इथे एक खास फसगत होते. वृत्तात लिहिण्याची सवय असलेले लोक कागदावरची अक्षरं मोजतात. पण रॅप बोलण्याच्या जवळ असतं आणि बोलताना आपण मधले ‘अ’ खाऊन टाकतो. ‘करतोस’ ही कागदावर चार अक्षरं, तोंडात दोनच झटके: कर्-तोस. ‘मतलब’चंही तेच. म्हणून ओळ कागदावर मोजू नका. हनुवटीखाली हात धरून ती म्हणा, जबडा किती वेळा खाली येतो ते मोजा.

यमकाचाही असाच घोळ. मराठी वाक्य क्रियापदावर संपतं, त्यामुळे ‘आलो-गेलो-झालो’, ‘करतात-मरतात’ अशी यमकं फुकटात मिळतात आणि ऐकणाऱ्याला ती आधीच दिसतात. उपाय सोपा आहे, करायला कंटाळवाणा आहे: क्रियापद ओळीच्या मध्ये ढकला आणि शेवटी असा शब्द आणा ज्याचे सगळे स्वर जुळतात. ‘दारोदार’ घ्या. यातले स्वर आ-ओ-आ. त्याच साच्यात ‘मागोमाग’, ‘काळोखात’, ‘आरोपात’ बसतात. मग ओळी अशा होतात:

शब्द घेऊन फिरलो दारोदार,
सावली चालली मागोमाग,
नाव आलं आरोपात,
पाय अजून काळोखात.

शेवटची व्यंजनं सगळीकडे सारखी नाहीत, तरी कान यमक मान्य करतो, कारण तीन-तीन स्वर एकामागून एक जुळतात. वहीची मागची पानं अशा स्वरसाच्यांना द्या. एका साच्यात वीस शब्द जमले की लिहिताना अडत नाही. पण यमकासाठी अर्थ वाकवलात तर ती ओळ तुम्हालाच दोन महिन्यांनी टोचेल.

काय लिहायचं, याबद्दल माझं मत जरा कडक आहे. पहिली दहा गाणी बहुतेकांची सारखीच असतात: मी सगळ्यांत भारी, जळणारे जळोत. बढाई ही या कलेची जुनी रीत आहे, तिला हरकत नाही. पण ज्यांना कुणी ओळखतच नाही त्यांच्यावर कोण जळणार? बढाई टिकते ती नेमक्या तपशिलावर. ‘मी खूप कष्ट केले’ या ओळीत काहीच दिसत नाही. ‘रात्रपाळी संपवून बुटासकट झोपलो’ यात माणूस दिसतो. दुसरी अडचण नकलेची. आवडत्या रॅपरचं कडवं पाठ करून त्याच्याच लयीत म्हणणं हा उत्तम रियाज आहे. कोणत्या ठोक्यावर तो थांबतो, कुठे घाई करतो, हे पेन्सिलीनं खुणा करून ठेवा. मग त्याच खुणांवर स्वतःचे शब्द बसवा, आणि ते प्रकाशित करू नका. ती सरावाची वही असते. तुमचा आवाज बोलताना जसा लागतो तसाच माइकवर लागतोय का, हे तपासायला एक ओळ आधी नुसती बोला, लगेच रॅप करा, दोन्ही रेकॉर्ड ऐका. उच्चार बदलला असेल तर उसनं कुठून घेतलंय ते तिथल्या तिथे कळतं.

घरच्यांवर, मित्रांवर, जुन्या नात्यांवर लिहिणार असाल तर आणखी एक गोष्ट. तुम्ही मन मोकळं करायचं ठरवलंत, त्यांनी ठरवलेलं नाही. कच्चं रेकॉर्ड त्या माणसाला आधी ऐकवा, किंवा ओळख पटेल असा तपशील बदला. गाणं एकदा बाहेर गेलं की काढून टाकलं तरी कुणाच्या ना कुणाच्या फोनमध्ये उरतंच.

बीट. इंटरनेटवर ‘फ्री’ लिहिलेला बीट बहुतेक वेळा फक्त बिनकमाईच्या वापरासाठी मोफत असतो. स्ट्रीमिंगवर टाकायचा तर लीज, म्हणजे ठरावीक अटींवर वापरायचा परवाना, घ्यावं लागतं, आणि साध्या लीजमध्ये तोच बीट इतर पन्नास जणांनाही विकलेला असू शकतो. करारात तीन ओळी शोधून वाचा: किती स्ट्रीमपर्यंत मुभा, किती वर्षं, आणि कंटेंट आयडीत, म्हणजे गाणं आपोआप ओळखणाऱ्या यूट्यूबच्या यंत्रणेत, नोंद करता येईल का. साध्या लीजवर ही नोंद सहसा चालत नाही. केलीत तर त्याच बीटवरच्या दुसऱ्याच्या गाण्यावर तुमचा दावा जातो आणि भांडण तुमच्या दारात येतं. परवडत असेल तर एमपी थ्रीऐवजी वेगवेगळ्या ट्रॅकच्या फाइली घ्या, म्हणजे मिक्समध्ये फक्त बेस कमी करता येतो. जुन्या गाण्याचा तुकडा सॅम्पल म्हणून वापरायचा तर परवानग्या दोन लागतात: रेकॉर्डिंगच्या मालकाची आणि संगीत-शब्दांच्या मालकाची. १९९१ साली सॅम्पलच्या खटल्यात रॅपर बिझ मार्कीविरुद्ध अमेरिकेतल्या न्यायालयाचा निकाल लागल्यापासून ‘छोटासाच तुकडा आहे’ या सबबीवर कंपन्या विसंबेनाशा झाल्या.

रेकॉर्डिंगला महागड्या माइकपेक्षा खोली जास्त महत्त्वाची. उघड्या भिंतींच्या खोलीत कंडेन्सर हा जास्त संवेदनशील माइक प्रत्येक प्रतिध्वनी उचलतो, आणि तो नंतर नीट काढता येत नाही. अशा खोलीत कमी संवेदनशील डायनॅमिक माइक बरा. कंडेन्सरच असेल तर पाठीमागे जाड रजई टांगा किंवा कपड्यांनी भरलेल्या कपाटाकडे पाठ करून उभे राहा. तोंड माइकपासून १५ ते २० सेंटिमीटर, मध्ये पॉप फिल्टर, म्हणजे फुंकर अडवणारी जाळी. ‘प, फ, ब, भ’ फुटत असतील तर माइक किंचित बाजूला वळवा. गेन, म्हणजे माइकचा आवाज किती वाढवून घ्यायचा ते, असा ठेवा की सर्वांत जोराचा शब्दही उणे ६ डेसिबलच्या वर जाणार नाही. २४ बिटच्या सेटिंगवर हळू रेकॉर्ड झालेलं वाढवता येतं, क्लिप झालेलं, म्हणजे मर्यादेबाहेर जाऊन फाटलेलं, नीट दुरुस्त होत नाही. बंद कपांचे, वायरचे हेडफोन वापरा. ब्लूटूथवर आवाज उशिरा पोचतो आणि तुम्ही नकळत ठोक्यामागे पडता. मग लोक लयीला दोष देतात, दोष हेडफोनचा असतो. त्याच कारणानं रेकॉर्ड करताना सॉफ्टवेअरमधलं बफरचं सेटिंग ६४ किंवा १२८ ठेवा (आकडा मोठा तर उशीर जास्त), मिक्स करताना वाढवा.

एका दमात १६ बार होत नसतील तर चार-चार बार घ्या, पण प्रत्येक तुकडा आधीच्या दोन बारपासून म्हणत या, नाहीतर जोडावर आवाजाची उंची बदलते. मुख्य टेक झाला की ओळींच्या शेवटच्या शब्दांवर डबल, म्हणजे तेच शब्द पुन्हा म्हणून वर चढवलेला आवाज, घ्या, पूर्ण कडव्यावर नको. आणि दुसऱ्या दिवशी ऐकल्याशिवाय काही पुसू नका. थकलेल्या कानाला सगळंच वाईट वाटतं.

मिक्सबद्दल थोडक्यात. ८० ते १०० हर्ट्झच्या खालचा घरघराट कापा, २०० ते ४०० मधला चिखल थोडा कमी करा, कॉम्प्रेसर (आवाजातले चढ दाबणारं साधन) ३:१ किंवा ४:१ वर ठेवून ३ ते ६ डेसिबल दाबा, ‘स’ आणि ‘श’ टोचत असतील तर ५ ते ८ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात डी-एसर, म्हणजे हे सीत्कार दाबणारं साधन, लावा. एमपी थ्री बीट आधीच पूर्ण जोरात मास्टर केलेला असतो, म्हणून त्यावर आवाज चढवत बसण्यापेक्षा बीटच ५-६ डेसिबल खाली आणा. मग फोनच्या स्पीकरवर अगदी हळू लावा. शब्द कळत नसतील तर मिक्स झालेलं नाही.

प्रकाशनाची घाई हा नवख्यांचा सर्वांत महागात पडणारा दोष. काल मिक्स झालं, आज टाकलं, परवा विसरलं. वितरकाकडे, म्हणजे गाणं स्ट्रीमिंग सेवांवर पोचवणाऱ्या कंपनीकडे, गाणं तीन-चार आठवडे आधी चढवा. स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणं पाठवायचं तर ते अप्रकाशित असावं लागतं, आणि किमान ७ दिवस आधी पाठवलं तर ते फॉलोअर्सच्या रिलीज रडार या नव्या गाण्यांच्या यादीतही येतं. मुखपृष्ठ चौकोनी, ३००० बाय ३००० पिक्सेल. कलाकाराचं नाव प्रत्येक गाण्यावर अक्षरशः सारखं लिहा; एक जागा सुटली की दुसरंच प्रोफाइल तयार होतं. बीट बनवणारा, हुक गाणारा, लिहिणारा यांचे वाटे टक्क्यांत कागदावर आणा, तेही रेकॉर्डिंगच्या दिवशीच, गाणं चालल्यावर नाही. पैशांची अपेक्षा माफक असू द्या: २०२४ पासून स्पॉटिफायवर मागच्या १२ महिन्यांत १००० स्ट्रीम न झालेल्या गाण्याला रेकॉर्डिंगची रॉयल्टीच मिळत नाही. हे पाहून स्ट्रीम विकत घेण्याचा मोह होतो. त्यात गाणं काढलं जाऊ शकतं, दंड वितरकामार्फत तुमच्याच खात्यावर येऊ शकतो.

मंचावर पूर्ण गाणं लावून त्यावर ओठ हलवू नका. हुक आणि अ‍ॅड-लिब (मधले छोटे उद्गार) ठेवलेला, मुख्य आवाज काढलेला ट्रॅक वेगळा करून घ्या. चालता-चालता पूर्ण गाणं न धापता म्हणता आलं तरच ते मंचासाठी तयार समजा. माइकची जाळी मुठीत धरण्याची ऐट सोडा. जाळीच्या मागच्या फटी झाकल्या की माइक चहूबाजूंचा आवाज घेऊ लागतो, शिटी वाजते आणि शब्द डब्यातून आल्यासारखे येतात. दांड्याला धरा, तोंडासमोर सरळ.

प्रत्येक कार्यक्रम, प्रत्येक कच्चा टेक तारखेच्या नावानं साठवा. सहा महिन्यांनी एक जुनी फाइल काढा, वही घेऊन बसा आणि तीनच गोष्टी लिहा: कोणता शब्द गिळलाय, कुठे घाई झालीय, कोणती ओळ आज म्हणताना लाज वाटते. पहिल्या दोन रियाजाच्या यादीत टाका. तिसरी ओळ त्याच पानावर नव्यानं लिहा.