बायपासनंतरचा श्वास : घरी आल्यावर या चुका टाळा

ठाण्यात बायपास झालेल्या रुग्णांकडे फिजिओथेरपीसाठी जाते, तेव्हा तीन बॉलचं स्पायरोमीटर (श्वासाच्या व्यायामाचं छोटं यंत्र) पुष्कळदा टीव्हीशेजारी नुसतंच ठेवलेलं असतं. "मॅडम, बिघडलंय, बॉल उठतच नाहीत!" मशीन ठीक असतं. काका त्यात फुंकत असतात. त्यातून हवा आत ओढायची असते.

छातीचं मधलं हाड कापून पुन्हा तारांनी बांधलेलं असतं. दुखतं, म्हणून माणूस वरवर श्वास घेतो. मग फुप्फुसांचा खालचा भाग, जास्त करून डावीकडचा, मिटून बसतो. तिथे कफ साचतो आणि न्यूमोनियाला वाट मिळते.

खुर्चीत ताठ बसा. आधी श्वास पूर्ण सोडा, नळी ओठांत घट्ट धरा आणि सावकाश ओढा. तिन्ही बॉल झटक्यात उडवण्यापेक्षा एकच बॉल ३ ते ५ सेकंद वर टिकवलेला मला जास्त आवडतो. जागेपणी दर तासाला साधारण १० वेळा, मध्ये दम घेत. गरगरलं तर थांबा.

दुसरी मोठी चूक म्हणजे टाके तुटतील या भीतीने खोकला गिळणं. छोटी उशी छातीशी दोन्ही हातांनी घट्ट कवटाळा आणि खोकून कफ बाहेर काढा. "सवय लागेल" म्हणून वेदनेची गोळी परस्पर बंद करू नका. डॉक्टरांनी दिलेल्या वेळेला ती घ्या आणि तिचा असर सुरू झाला की व्यायाम करा. दुखणं आटोक्यात असेल तरच श्वास खोल जातो.

नातेवाईक प्रेमानेच "पडून राहा" म्हणतात, पण दिवसभर आडवं राहिल्याने फुप्फुसं आणखी दबतात. जेवण, पेपर सगळं खुर्चीत. उठताना हातांवर जोर न देता कुशीवर वळून उठा. चालणं आधी घरात, मग सोसायटीच्या आवारात. डॉक्टरांनी मोकळीक दिली की उपवनला किंवा तलावपाळीला जा. घोडबंदर रोडच्या धुळीत मात्र नको. अगरबत्ती आणि फोडणीच्या धुरापासूनही लांबच.

आडवं झाल्यावर दम लागणं, दोन दिवसांत दीड-दोन किलो वजन वाढणं, १००.४ च्या वर ताप, पिवळा-हिरवा कफ, एकाच पोटरीला सूज किंवा छातीच्या हाडात टकटक जाणवणं, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी सर्जनना फोन करा. अचानक धाप लागली, छातीत दुखलं किंवा ओठ निळे पडले, तर फोनाफोनीत वेळ न घालवता १०८ ला बोलवा.