केरुबिनोला नीट बघायचं असेल तर

ऑपेरात क्विअर, म्हणजे बाई-पुरुष आणि प्रेमाच्या ठरलेल्या चौकटीबाहेरचं, असं काय असतं हे कळायला मोझार्टचं 'फिगारोचं लग्न' बघा, पण पहिल्यापासून नको, तीन तासांचं आहे ते, आधी सरळ दुसरा अंक लावा आणि सबटायटल्स ऑन ठेवा.

केरुबिनो हा काउंटच्या वाड्यातला कोवळा पोरगा, दिसेल त्या बाईच्या प्रेमात पडणारा, आणि १७८६ साली व्हिएन्नात झालेल्या पहिल्या प्रयोगापासून हे काम बाई करत आलीये, आज बहुतेक मेझो, म्हणजे बायकांच्या मधल्या पट्टीच्या आवाजाची. मूळ नाटककार बोमार्शेनीच लिहून ठेवलंय की हे काम तरुण, देखण्या बाईनंच करावं.

आता सीन बघा. काउंटची बायको म्हणजे काउंटेस, तिची दासी सुझाना केरुबिनोला मुलीचे कपडे चढवतेय, म्हणजे मुलगा झालेली बाई परत मुलगी होतेय! गाणं सुझानाचं असलं तरी नजर केरुबिनोवर ठेवा. गुडघ्यावर बस, हलू नको, आता वळ, माझ्याकडे बघ, बाईसाहेब इकडे नाहीयेत, असं ती सारखं सांगतेय कारण याची मान सारखी काउंटेसकडे वळतेय. मग म्हणते, बायका याच्यावर भाळतात त्याला काहीतरी कारण असणारच. एक बाई दुसरीकडे बघत तिसरीसमोर हे गातेय, इथे पॉज करून परत बघा.

मग पहिल्या अंकाचा शेवट लावा. काउंटचा नोकर फिगारो केरुबिनोला सैन्यात धाडताना चिडवतो, ती पिसं, तो गालांचा बायकी लाल रंग आता विसर, मोठ्या मिशा आणि खांद्यावर बंदूक. पोराला मर्द बनवायचं ठरलं आणि पुढच्याच अंकात तो झग्यात, हा क्रम मला फार आवडतो.

मोझार्टला दोन बायकांची प्रेमकथा सांगायची होती असं म्हणू नका, पण 'पात्र तर मुलगाच आहे ना' म्हणून विषय बंदही करू नका. आपल्याला तर हे जड जाऊच नये, बालगंधर्वांना 'मानापमान'मधली भामिनी म्हणून मनापासून स्वीकारलेली आपली माणसं, फक्त इथे दिशा उलटी आहे.

'मानापमान' १९११ चं, आणि त्याच वर्षी ड्रेस्डेनला आलेलं श्ट्राउसचं 'डेर रोझेनकाव्हालिअर' यानंतर बघा. पडदा उघडतो तेव्हा ऑक्टावियन हा तरुण पोरगा आणि त्याची प्रेयसी मार्शालिन रात्र एकत्र घालवून उठलेत, दोन्ही आवाज बायकांचे. त्याआधीचं ऑर्केस्ट्राचं म्युझिक स्किप करू नका, हॉर्न्स नीट ऐका, रात्री काय झालं ते सगळं त्यातच आहे.