किनारपट्टीवर दुचाकीच्या बॅटरीची निवड आणि निगा

कोकण किनाऱ्यावर दुचाकीची बॅटरी वापरापेक्षा नुसत्या उभ्या राहण्याने अधिक लवकर खराब होते. शिमगा आटोपून चाकरमानी मुंबईला परततात, गाडी पडवीत ताडपत्रीखाली राहते आणि गणपतीला आल्यावर सेल्फ दाबला की नुसती टकटक ऐकू येते. लेड-अ‍ॅसिड बॅटरी न वापरताही हळूहळू उतरत जाते, उष्ण हवेत तो वेग वाढतो, आणि उतरलेल्या अवस्थेत ती बराच काळ राहिली तर प्लेटांवर लेड सल्फेटचे कठीण स्फटिक धरतात. नंतर कितीही चार्ज केली तरी तिची मूळ क्षमता पुरती परत येत नाही.

नवी बॅटरी घेताना प्रथम गाडीच्या पुस्तिकेत दिलेले अँपिअर-अवर (एएच, म्हणजे बॅटरीची क्षमता), बॅटरीची लांबी-रुंदी-उंची आणि धन-ऋण टर्मिनलांच्या बाजू पाहाव्यात. त्यानंतर उत्पादनाचा महिना आणि वर्ष तपासावे. याकडे बहुतेक ग्राहक दुर्लक्ष करतात, पण माझ्या मते किमतीपेक्षा ही गोष्ट महत्त्वाची आहे, कारण दुकानाच्या फळीवर सहा महिने पडून राहिलेली बॅटरी नवी म्हणवत असली तरी काही प्रमाणात उतरलेलीच असते. शक्यतो तीन महिन्यांच्या आतली मागावी आणि दुकानदाराला मल्टिमीटर लावायला सांगावा: भरलेली बॅटरी १२.६ ते १२.८ व्होल्ट दाखवते. वॉरंटी कार्डावर तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय दुकान सोडू नये.

घाटातल्या आणि खड्ड्यांच्या रस्त्यांसाठी, तसेच ज्या गाडीकडे वारंवार लक्ष देणे शक्य नाही तिच्यासाठी, सीलबंद बॅटरी अधिक सोयीची आहे. पाण्याची बॅटरीच घ्यायची असेल, तर अ‍ॅसिड भरल्यावर किमान अर्धा तास थांबून तिचे पहिले चार्जिंग पूर्ण करून घेण्याचा आग्रह धरावा. घाईने ते टाळले, तर बॅटरीची क्षमता पहिल्या दिवसापासून कमी राहते. तिची वाफेची नळी साखळी आणि चॅसिसपासून दूर, खाली मोकळी सोडलेली असावी. पातळी उतरली तर केवळ डिस्टिल्ड वॉटर घालावे. विहिरीचे पाणी कितीही गोड असले तरी त्यात विरघळलेले क्षार असतात आणि ते प्लेटांना बाधतात.

खाऱ्या, दमट हवेत टर्मिनलांवर पांढरट-हिरवा थर लवकर चढतो, त्यामुळे जोडणीतला विरोध वाढतो आणि चांगली बॅटरीही कमकुवत वाटू लागते. समुद्रालगतच्या गावांत, मालवण किंवा गुहागरसारख्या ठिकाणी, पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर टर्मिनलांची सफाई अवश्य करावी. इंजिन बंद करून आधी ऋण आणि मग धन वायर सोडवावी. धन आधी सोडवताना पाना चॅसिसला टेकला तर थेट शॉर्ट होतो. खाण्याचा सोडा पाण्यात कालवून जुन्या ब्रशने टर्मिनल घासावे, मात्र पाण्याच्या बॅटरीची बुचे घट्ट आहेत याची खात्री करावी, कारण सोडा आत गेला तर अ‍ॅसिड निकामी होते. स्वच्छ पाण्याने पुसून, पूर्ण कोरडे करून, आधी धन आणि शेवटी ऋण वायर जोडावी आणि वरून पेट्रोलियम जेलीचा पातळ लेप द्यावा.

गाडी महिनाभराहून अधिक काळ उभी राहणार असेल, तर बॅटरी पूर्ण चार्ज करून ऋण वायर सोडवून ठेवावी. घरच्यांनी अधूनमधून गाडी सुरू करून दोन मिनिटांत बंद करण्याचा प्रघात मात्र मोडावा, कारण सेल्फने घेतलेली ऊर्जा तेवढ्या वेळात भरून येत नाही. शिवाय १ एप्रिल २०१७ पासूनच्या नव्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिन चालू असेपर्यंत जळतच राहतो. त्यापेक्षा अर्धा तास रस्त्यावर चालवावी, किंवा महिन्यातून एकदा चार्जर लावावा. चार्जरचा प्रवाह एएचच्या दहाव्या हिश्श्याएवढा, म्हणजे ५ एएचला अर्धा अँपिअर, असावा. इन्व्हर्टरचा किंवा मोटारीचा मोठा चार्जर लावू नये. चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन निघतो, म्हणून चुलीजवळ किंवा बंद खोलीत हे काम करू नये.

बॅटरी पुन्हा पुन्हा उतरत असेल, तर बदलण्यापूर्वी इंजिन सुरू करून, त्याचा वेग वाढवून टर्मिनलांवर व्होल्टेज मोजावे. ते साधारण १३.५ ते १४.५ असावे. त्याहून कमी असेल तर चार्जिंगच्या वायरिंगमध्ये किंवा आरआर युनिटमध्ये (रेग्युलेटर-रेक्टिफायर, म्हणजे बॅटरीकडे जाणारी वीज नियंत्रित करणारा भाग) दोष असू शकतो, जास्त असेल तर तेच युनिट बॅटरी जाळते, आणि दोन्ही स्थितींत नवी बॅटरीही टिकणार नाही. इंधन-इंजेक्शनच्या गाड्यांबाबत ही तपासणी टाळू नये, कारण त्यांपैकी अनेकींना किक नसते आणि बॅटरी पुरती उतरली तर इंधनपंप चालत नसल्याने ढकलूनही गाडी सुरू होत नाही. जुनी बॅटरी शिशामुळे विषारी असते, तिला परसात किंवा खाडीकाठी टाकू नये. दुकानदाराकडे परत देऊन तिची किंमत नव्या बिलातून वजा करून घ्यावी.