ओव्हरलोड होतोय? ऑटिस्टिक माणसांनी आणि घरच्यांनी या चुका टाळा

ओव्हरलोड म्हणजे आवाज, उजेड, वास, स्पर्श यांचा मारा डोक्याला झेपेनासा होणं. त्यात सगळ्यात कॉमन चूक म्हणजे शेवटच्या कारणाला धरून बसणं. संध्याकाळी कुकरची शिट्टी झाली आणि रडूच फुटलं, की घरचे म्हणतात एवढ्याशा शिट्टीला काय रडायचं? अहो शिट्टी नुसती निमित्त, सकाळपासून लोकलमधली ढकलाढकली, ऑफिसातली फडफडणारी ट्यूबलाइट, शेजारच्याचा परफ्यूम, मानेला टोचणारं लेबल आणि वर साहेबांचा "जरा बोलायचंय" एवढाच मेसेज, हे सगळं साठत आलेलं असतं. म्हणून मागची पाच मिनिटं नाही, अख्खा दिवस आठवून बघा. जेवलात का, पाणी प्यायलात का तेही बघा, आपल्या ऑटिस्टिक लोकांपैकी बऱ्याच जणांना भूक-तहान वेळेत कळतच नाही.

इअरप्लग आवाज असह्य झाल्यावर पर्समध्ये शोधायचे नसतात. लग्नाला गेलात तर पार्किंगमध्येच घाला. फोमचा असेल तर बोटांनी वळून बारीक करायचा, दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढायचा, प्लग आत सरकवून फुगेपर्यंत अर्धा मिनिट धरून ठेवायचा. लोक नुसता खुपसतात आणि म्हणतात उपयोग नाही. पण घरात शांत असताना दिवसभर घालू नका, कान अजून हळवे होतात.

हात हलवणं, पाय हलवणं, डुलणं लोकांसाठी दाबू नका. त्यानेच तर थोडं सुटल्यासारखं वाटतं.

आता घरच्यांसाठी. मेल्टडाउन (ओव्हरलोड होऊन रडणं-ओरडणं आवरेनासं होणं) चालू असताना "काय झालं, बोल ना" विचारत राहू नका, प्रत्येक प्रश्न म्हणजे अजून एक आवाज. लाइट बंद करा, टीव्ही बंद करा, न विचारता मिठी मारू नका. एकदम गप्प झालेलं माणूस रुसलेलं असेलच असं नाही, तो शटडाउन असू शकतो, तेव्हा तोंडातून शब्दच निघत नाही. "आत्ता बोलता येत नाही, नंतर सांगते" असा मेसेज आधीच टाइप करून ठेवला की बरं पडतं. आणि नखरे वाटत असतील तर, आवाज-उजेड-स्पर्शाचा हा त्रास २०१३ पासून डीएसएम-५ मध्ये, म्हणजे डॉक्टर निदानासाठी वापरतात त्या अमेरिकन मानसोपचार पुस्तकात, ऑटिझमच्या निकषांतच आहे.

दुसऱ्या दिवशी लगेच पाहुणे बोलावू नका, डोकं अजून जड असतं, वरणभात खाऊन पडून राहिलं तरी चालतंय.