निवडक कॉम्प्युटरना वेगळी पॉलिसी: गुरुवारआधीची तयारी

भोसरी एमआयडीसीला सुट्टी गुरुवारी. ग्रुप पॉलिसीचं, म्हणजे सर्व्हरवरून विंडोज मशीनना नियम लावायचं काम त्याच दिवशी धरा, कारण मशीन रीस्टार्ट करावी लागतात आणि चालू शिफ्टमध्ये शॉप फ्लोअरवर कोणी हात लावू देत नाही.

सोमवारी वही घेऊन टेबलाटेबलापाशी जा. कॅबिनेटवरचं स्टिकर आणि विंडोजमधलं नाव जुळतंय का, ते डोळ्यांनी बघा. आमच्याकडे स्टोअरमध्ये हलवलेल्या पीसीचं नाव 'अकाउंट्स 3' असंच राहिलं होतं. पेनड्राइव्हची बंदी तिथे लागली आणि स्टोअरवाल्यांचा अख्खा दिवस खोळंबला. विंडोज होम असलेली मशीन डोमेनमध्ये (सर्व्हरच्या ताब्यातल्या नेटवर्कमध्ये) येतच नाहीत, ती यादीतून आधीच काढा.

डोमेनला नव्याने जोडलेली मशीन बहुधा 'कॉम्प्युटर्स' या कंटेनरमध्ये पडून असतात. तो ओयू (पॉलिसी लावता येईल असा मशीन-युजरचा कप्पा) नव्हे, त्याला जीपीओ (पॉलिसीच्या नियमांचा संच) लिंक होत नाही. म्हणून विभागवार ओयू करून मशीन तिकडे हलवा. वेगवेगळ्या विभागांतली चारच मशीन हवी असतील तर त्यांचा सिक्युरिटी ग्रुप करून फिल्टरिंगमध्ये, म्हणजे जीपीओ कोणाला लागणार त्या यादीत घाला. इथे मात्र घाई नको. फिल्टरिंगमधून 'ऑथेंटिकेटेड युजर्स' (डोमेनमधली सगळी युजर आणि मशीन खाती) काढलंत, तर जीपीओच्या परवानग्या असतात त्या डेलिगेशनमध्ये जाऊन त्याला रीड परवानगी परत द्या. जून 2016 च्या मायक्रोसॉफ्टच्या सुरक्षा अपडेटपासून युजरची पॉलिसीसुद्धा कॉम्प्युटरच्या खात्याने वाचली जाते. रीड नसेल तर ती लागत नाही आणि स्क्रीनवर काही दिसतही नाही. यात माणसं दिवसच्या दिवस घालवतात, म्हणून एवढं सांगतोय.

एकच लॉगिन सगळीकडे वापरतात, पण युजरचे निर्बंध फक्त फ्लोअरच्या पीसीवर हवेत? मग लूपबॅक लावा, म्हणजे पीसीच्या ओयूवरची युजर पॉलिसी तिथे लॉगिन करणाऱ्याला लागते, आणि मर्ज (दोन्ही पॉलिसी एकत्र) की रिप्लेस हे आधी ठरवा. रिप्लेस केलंत तर त्या पीसीवर युजरची स्वतःची पॉलिसी बाजूला पडते.

बुधवारी सगळ्या जीपीओंचा बॅकअप घ्या. रिस्टोअर केल्यावर लिंक परत येत नाहीत, तेव्हा कुठला जीपीओ कुठल्या ओयूला जोडलाय ते वहीत लिहून ठेवा.

गुरुवारी आधी एकच मशीन. ग्रुप नवा असेल तर रीस्टार्ट हवाच, नुसत्या जीपीअपडेटने (पॉलिसी ताजी करायच्या कमांडने) भागत नाही. मग जीपीरिझल्टचा (कुठली पॉलिसी लागली ते दाखवणाऱ्या कमांडचा) रिपोर्ट काढून नाकारलेल्या जीपीओंसमोरचं कारण वाचा. ते पटलं की बाकीची मशीन घ्या. शुक्रवारी पहिल्या शिफ्टचा ऑपरेटर लॉगिन करेल, तेव्हा त्याच्या शेजारी उभे राहा.