टेलिग्राममुळे भरलेला सी ड्राइव्ह मोकळा कसा करावा

एमपीएससीची नाहीतर कुठल्याही भरतीची तयारी करणाऱ्या बऱ्याच मुलामुलींच्या लॅपटॉपवर टेलिग्राम असतं. नोट्सच्या पीडीएफ, चालू घडामोडींची मासिकं, लेक्चरचे तासतासभराचे व्हिडिओ, सगळं तिथेच येऊन पडतं. एसएसडी मात्र पुष्कळदा २५६ जीबीचा, आणि त्यातला बराच भाग विंडोजनेच व्यापलेला. मग कधीतरी ‘धिस पीसी’ उघडावं तर सी ड्राइव्हची पट्टी लाल झालेली असते. अशा वेळी काही जण घाबरून अ‍ॅपच काढून टाकतात, तर काही जण कुठेतरी वाचून अख्खं फोल्डर डिलीट करतात. दोन्हींची गरज नाही.

टेलिग्राम तुमच्या कॉम्प्युटरवर दोन वेगळ्या ठिकाणी जागा खातं. पहिलं ठिकाण म्हणजे कॅशे. चॅटमध्ये दिसलेले फोटो, स्टिकर, व्हॉइस मेसेज, जागच्या जागी पाहिलेल्या व्हिडिओंचे तुकडे, हे पुन्हा पटकन उघडावेत म्हणून अ‍ॅप ते साठवून ठेवतं. दुसरं ठिकाण म्हणजे तुम्ही डाउनलोड केलेल्या फाइल्स. कॅशेला मर्यादा घालता येते. डाउनलोडला कसलीच मर्यादा नाही, आणि त्या फाइल्स आपणहून कुणी काढतही नाही. म्हणून नुसता कॅशे साफ केला आणि जागा फारशी सुटली नाही, तर नवल वाटून घेऊ नका.

तरीही सुरुवात कॅशेपासूनच करा, कारण त्यात धोका काहीच नाही.

१. विंडोजवरचं टेलिग्राम उघडा. डाव्या कोपऱ्यातल्या तीन आडव्या रेघांवर क्लिक करून ‘सेटिंग्ज’मध्ये आणि तिथून ‘अ‍ॅडव्हान्स्ड’मध्ये जा.

२. ‘मॅनेज लोकल स्टोरेज’ निवडा. कोणत्या प्रकाराने किती जागा घेतली आहे, ते इथे दिसतं.

३. ‘क्लिअर ऑल’ दाबा. एखादाच प्रकार काढायचा असेल, तर त्याच्यासमोरचं ‘क्लिअर’ दाबा.

४. तिथेच एकूण कॅशेसाठी, मीडिया कॅशेसाठी आणि किती जुन्या फाइल्स काढायच्या यासाठी सरकपट्ट्या आहेत. दोन्ही कॅशे १ जीबी किंवा त्याहून खाली आणा, मुदत एक आठवडा ठेवा आणि ‘सेव्ह’ करा. मुदतीची पट्टी ‘नेव्हर’वर असेल, तर ती आधी तिथून हलवा.

इथे बहुतेकांचा हात अडखळतो: मेसेज जातील का? जात नाहीत. टेलिग्रामचे नेहमीचे चॅट कंपनीच्या सर्व्हरवर असतात, कॉम्प्युटरवर असते ती फक्त प्रत. कॅशे साफ केल्यावर जुना फोटो उघडला, तर तो पुन्हा खाली उतरेल, थोडा डेटा जाईल, एवढंच. सिक्रेट चॅट तेवढे सर्व्हरवर नसतात. पण ते ज्या फोनवर सुरू केले त्याच फोनवर राहतात. विंडोजवरच्या टेलिग्राम डेस्कटॉपमध्ये ती सोयच नाही, त्यामुळे तीही काळजी मिटली.

आता खरं काम. फाइल एक्सप्लोररमध्ये ‘डाउनलोड्स’ उघडा, आत ‘टेलिग्राम डेस्कटॉप’ नावाचं फोल्डर असेल. त्यावर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ पाहा. पुष्कळदा सगळं उत्तर त्या एका आकड्यात मिळतं. फोल्डर उघडून यादी ‘साइझ’नुसार लावा, म्हणजे मोठे व्हिडिओ वर येतील. टेलिग्रामवर एक फाइल २ जीबीपर्यंतची असू शकते, प्रीमियम खात्यावरून ४ जीबीपर्यंतचीही येते. त्यामुळे वरच्या पाच-दहा फाइल्स काढल्या तरी पुष्कळ मोकळं होतं. त्यानंतर यादी नावानुसार लावा. एकच पीडीएफ पुन्हा डाउनलोड झाली की नावापुढे कंसात २, ३ असे आकडे लागतात. तीच प्रश्नपत्रिका चार ग्रुपमधून आली असेल, तर तिच्या चार प्रती इथे एकाखाली एक दिसतील. एक ठेवा, बाकीच्या काढा.

काढताना एक विचार मात्र जरूर करा. चॅटमधली फाइल पुन्हा उतरवता येते हे खरं, पण ती तिथे असेपर्यंतच. पाठवणाऱ्याने मेसेज डिलीट केला किंवा चॅनल बंद झालं, की ती गेली. पुस्तकांच्या पीडीएफ टाकणारी चॅनल कॉपीराइटच्या तक्रारीवरून बंद होतात. तेव्हा स्वतःच्या नोट्स, सोडवलेले पेपर, शिक्षकांनी खास तुम्हाला पाठवलेलं साहित्य आधी पेनड्राइव्हवर किंवा डी ड्राइव्हवर हलवा आणि मगच बाकीचं साफ करा. डिलीट केलेल्या फाइल्स रिसायकल बिनमध्ये जातात, म्हणून शेवटी तोही रिकामा करा. नाहीतर जागा तेवढीच अडलेली राहते.

विंडोजच्या सेटिंग्जमधलं ‘टेम्पररी फाइल्स’ हे पान इथे उपयोगी पडेल असं वाटतं. पण त्या यादीत ‘डाउनलोड्स’ असाही एक चौकोन असतो. त्यावर खूण केलीत, तर डाउनलोड्समधलं सगळं उडेल, टेलिग्रामचं आणि इतरही. प्रवेशपत्रं आणि फीच्या पावत्या पुष्कळांच्या तिथेच असतात. त्या चौकोनाला हात लावू नका.

पुन्हा तीच वेळ येऊ नये म्हणून ‘अ‍ॅडव्हान्स्ड’मध्येच दोन गोष्टी बदला. ‘ऑटोमॅटिक मीडिया डाउनलोड’खाली खासगी चॅट, ग्रुप आणि चॅनल अशा तीन ओळी आहेत. ग्रुप आणि चॅनलमध्ये जाऊन ‘फाइल्स’ बंद करा. हजारो सदस्यांच्या ग्रुपमध्ये कुणीही काहीही टाकतं, ते सगळं तुमच्या डिस्कवर उतरायचं कारण नाही. दुसरं, ‘डाउनलोड पाथ’वर क्लिक करून डी ड्राइव्हवरचं एखादं फोल्डर द्या. तिथे ‘टेम्प फोल्डर’ असाही पर्याय दिसतो, पण त्यातलं सगळं लॉगआउट केल्यावर पुसलं जातं. अभ्यासाच्या साहित्यासाठी तो घेऊ नका.

राहिला प्रश्न ‘टीडेटा’ फोल्डरचा. युजर्समधल्या तुमच्या नावाच्या फोल्डरमध्ये लपवलेलं अ‍ॅपडेटा, त्यात रोमिंग, त्यात टेलिग्राम डेस्कटॉप आणि त्याच्या आत हे. मायक्रोसॉफ्ट स्टोअरवरून अ‍ॅप घेतलं असेल, तर जागा वेगळी असते. हे फोल्डर सरसकट डिलीट करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, तो ऐकू नका. कॅशे याच फोल्डरात असतो, पण लॉगिनच्या किल्ल्याही इथेच असतात. ते गेलं की तुम्ही लॉगआउट होता. वसतिगृहात फोन जवळ नसताना असं झालं, तर कोड येईपर्यंत बसून राहावं लागतं. आणि याच कारणाने हे फोल्डर कॉपी करून कुणाला देऊही नका, त्यावरून तुमचं खातं दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडू शकतं.

एकाच अ‍ॅपमध्ये दोन-तीन नंबर जोडले असतील, तर प्रत्येक खात्याचा कॅशे वेगळा असतो. खातं बदलून ‘मॅनेज लोकल स्टोरेज’ची पायरी प्रत्येकासाठी पुन्हा करा.