पानगळीचे फोटो काढताना या चुका टाळा

पानगळीचे फोटो फिके आले की बहुतेक जण सरळ सॅच्युरेशन (रंगांचा भडकपणा) वाढवून मोकळे होतात. मग पानांच्या शिरा रंगात बुडतात आणि खोडंसुद्धा तांबडी दिसतात. खरं तर रंग कमी नसतोच. पानाच्या गुळगुळीत पृष्ठभागावर आकाशाचा पांढरट उजेड चमकत असतो, तो रंग झाकतो. ही चमक फोटो काढतानाच घालवावी लागते, पोलरायझरने, म्हणजे लेन्सपुढे लावायच्या चमक कापणाऱ्या फिल्टरने. मागाहून स्लायडर ओढून ती जात नाही.

एकदा पाऊस उघडल्यावर एका नवशिक्याबरोबर रानात होतो. ओली पानं, ढगाळ उजेड, याहून चांगली वेळ मिळत नाही. थोड्या वेळाने तो कुरकुरायला लागला, "एवढा महागाचा फिल्टर लावलाय, काही फरकच पडत नाही." बघतो तर पठ्ठ्याने फिल्टर घट्ट बसवला होता, पण पुढची कडी एकदाही फिरवली नव्हती! स्क्रीनवर बघत कडी हळूहळू फिरवायला लावली. मेपलच्या पानांवरचा पांढरट थर विरत गेला, खालचा गडद लाल वर आला, पानांच्या कडांचे दातेही मोजता येतील इतके स्पष्ट झाले. कॅमेरा आडव्याचा उभा केला की कडी पुन्हा फिरवायची, हे तर सांगून सांगून थकलो.

फिल्टर एक ते दोन स्टॉप उजेड खातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), त्यामुळे शटर मंदावतं आणि वाऱ्यात पानं हलकी धूसर येतात. मी बिनधास्त आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) ८०० करतो. थोडा नॉइज (दाणेदारपणा) चालतो, हललेलं पान नाही.

उन्हातल्या लाल पानांसाठी नुसता पांढरा हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेडाचा आलेख) बघू नका. तो ठीक दिसत असतानाही लाल चॅनल उडालेला असतो, म्हणजे लाल रंग मर्यादेबाहेर जाऊन त्यातला तपशील हरवलेला असतो, आणि पानाच्या जागी सपाट लाल डाग उरतो. तिन्ही रंगांचा हिस्टोग्राम लावा, एक्स्पोजर थोडं खाली आणा, रॉमध्येच (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढा.

ऑटो व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्याने आपोआप रंगछटा जुळवणं) बंद. पिवळ्याधमक झाडीत तो रंगच थंड करून टाकतो. मी ५५०० केल्विनवर (दिवसाच्या उजेडाच्या रंगछटेवर) ठेवून विसरून जातो.

ढगाळ दिवशी आकाश फ्रेमबाहेर.

सूर्य पानामागे असेल तर उजेड पानातून आरपार येतो. तिथे पोलरायझरचा फारसा उपयोग नाही, काढून ठेवा.

आणि फांद्या हलवून पानं पाडू नका. हा आततायीपणा मला अजिबात खपत नाही. वारा येईपर्यंत थांबा, पानं आपोआप गळतात. तेवढा वेळ नसेल तर खाली पडलेल्या पानांचे फोटो काढा.